हमिंगबर्डच्या ताटात वाटेकरी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून एका विषयावरची पत्रं हमखास येतात. परसात किंवा डेकवर हमिंगबर्डसाठी साखरपाण्याचा फीडर टांगलेला असतो, आणि त्यावर भलतेच पक्षी ताव मारतात. या वेळी त्यातलीच काही पत्रं घेतली आहेत. एक पत्र पुण्याचंही आहे, त्याची गोष्ट जरा वेगळी आहे.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. सुनेने मागच्या डेकवर लाल फीडर लावलाय. मे महिना सुरू झाल्यापासून नारिंगी-काळ्या रंगाचे पक्षी त्यावर येऊन बसतात. ते बसले की फीडर कलंडतो, पाणी खाली सांडतं, मग मुंग्या. मी काठी घेऊन बसते, पण दिवसभर किती बसणार? आणि ती इवलीशी पाखरं तर माझ्याच काठीला घाबरून येईनाशी झाली आहेत.

आजी, काठी आधी आत ठेवा. तुमचा पाहुणा आहे बाल्टिमोर ओरिओल. रंगावरून आपल्या हळद्याची आठवण येते, पण दोघांचं नातं काही नाही. हिवाळा दक्षिणेकडे काढून एप्रिलअखेरीस, मेच्या सुरुवातीला तो तुमच्याकडे पोचतो. लांबच्या प्रवासाने भुकेलेला असतो आणि गोडाचा शौकीन तर असतोच. तुमच्याकडे येणारा हमिंगबर्ड म्हणजे माणिककंठी, इंग्रजीतला रूबी-थ्रोटेड. त्याचं वजन जेमतेम ३ ग्रॅम. ओरिओल त्याच्या दहापट भरतो. फीडर कलंडतो तो यामुळेच.

पाणी इतकं का सांडतं हेही सांगते, कारण दुरुस्तीची जागा तिथेच आहे. तुमचा फीडर बहुधा उलट्या बाटलीचा असणार. त्यात वरच्या बाजूला अडकलेल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून पाणी बाटलीत टिकून राहतं. फीडर हलला की बुडबुडा आत शिरतो आणि तेवढं पाणी खाली येतं. ऊन लागलं तर आतली हवा फुगते आणि कोणी न बसताही थेंब गळत राहतात. मुंग्यांना तेवढं पुरतं. यापेक्षा बशीचा फीडर बरा: खाली पसरट बशी, वर झाकण, झाकणाला भोकं. त्यात पाणी खाली असतं आणि भोकं वर, त्यामुळे सहज गळत नाही. सावलीत टांगा.

आता ओरिओलचं काय करायचं? त्याला त्याचं ताट वेगळं मांडा. संत्र्याचं अर्धं फोडून खिळ्यावर खोचा, शेजारी वाटीत चमचाभर द्राक्षाची जेली ठेवा. चमचाभरच, कारण वाटी भरून ठेवली तर पक्ष्याची पिसं त्यात चिकटतात. हे ताट हमिंगबर्डच्या फीडरपासून चांगलं लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हवं. तो तिथे रुळला की मग फीडरच्या बसायच्या दांड्या काढून टाका; बऱ्याच फीडरच्या दांड्या निघतात. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पिऊ शकतो, ओरिओलला मात्र टेकायला काहीतरी लागतं.

दांड्या कायमच्या काढू नका, एवढंच सांगेन. तरंगत पिणं हमिंगबर्डला जमतं, पण सोपं नसतं. सेकंदाला पन्नासच्या आसपास पंख मारायचे आणि त्या मेहनतीतच पोट भरायचं. बसायला मिळालं तर तो आनंदाने बसतो. जूनमध्ये ओरिओलची पिल्लं बाहेर आली की आईबाप अळ्यांच्या मागे लागतात आणि साखरपाण्याकडे त्यांचं लक्ष कमी होतं. तेव्हा दांड्या परत लावा.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया): आमच्याकडे हाऊस फिंचची टोळी येते. फीडरभोवती पक्ष्यांची नायलॉन जाळी गुंडाळली तर चालेल का?

मऊ जाळी अजिबात नको. हमिंगबर्डची चोच, पाय आणि पंख त्यात अडकतात, आणि अडकलेला पक्षी सुटायच्या धडपडीत स्वतःला संपवतो. पिंजराच लावायचा असेल तर कडक तारेचा, फीडरसाठी म्हणून तयार केलेला घ्या, ज्याच्या चौकटीतून हमिंगबर्ड सहज आतबाहेर करू शकेल. पण फिंचसाठी तेवढा खटाटोप लागत नाही.

फिंचची चोच दाणे फोडायची, आखूड आणि जाड. जीभही बेताची. हमिंगबर्डची चोच सुईसारखी लांब असते आणि जीभ चोचीच्याही बाहेर पुढे जाते. जिभेचं टोक दुभंगलेलं असतं. पाण्याला टेकलं की ते उघडतं, आत घेताना मिटतं, आणि दोन्ही बाजूंच्या पन्हाळीत रस भरून येतो. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हे चालू असतं. हाच फरक वापरायचा. बशीचा फीडर घ्या आणि तो काठोकाठ भरू नका. पाणी झाकणापासून बोटभर खाली राहिलं की हमिंगबर्डला काहीच अडत नाही, फिंचची चोच मात्र कोरडी राहते. दोन-चार दिवस येऊन, वाकून पाहून टोळी जाते.

जाता जाता: हा फिंच मूळचा तुमच्याच पश्चिमेकडचा. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कची दुकानं त्याला 'हॉलिवूड फिंच' म्हणून बेकायदा विकत होती. कायद्याचा बडगा दिसल्यावर व्यापाऱ्यांनी लाँग आयलंडवर पिंजरे उघडून दिले, आणि आज साऱ्या पूर्व अमेरिकेत तो आहे. १९९४ पासून त्याच्यात डोळे सुजण्याची एक साथ दिसते. डोळे चिकटलेला, सुस्त फिंच फीडरवर दिसला तर सगळे फीडर उतरवा, धुवा आणि काही दिवस लावूच नका.

प्रश्न (टूसॉन, ॲरिझोना): दिवसा सुतारपक्षी फीडरवर ठोकाठोक करतो, भोकांवरची पिवळी प्लास्टिकची फुलं त्याने उचकटून टाकली. त्यात आता नवीन कोडं: रात्री भरून ठेवलेला फीडर सकाळी कोरडा ठणठणीत. गळती नाही, खाली ओल नाही. सुतारपक्षी रात्री येतो का?

नाही, रात्री तो सग्वारो निवडुंगाच्या बिळात झोपलेला असतो. तुमचे गिऱ्हाईक दोन आहेत.

दिवसाचा बहुधा गिला सुतार. त्याच्यापुढे बशीची युक्ती अर्धीच चालते, कारण सुतारपक्ष्याची जीभही भलती लांब असते, कवटीला वळसा घालून मागे गेलेली. त्यामुळे पाणी खाली ठेवून तो हटत नाही. त्याचा आधार काढा. दांड्या नसलेला, गुळगुळीत, काचेचा किंवा धातूचा फीडर पातळ तारेवर टांगा. खांब, भिंत, फांदी यांपासून तो दूर असू दे, म्हणजे बाजूला चिकटून मान पुढे काढायची सोय उरणार नाही. ती पिवळी फुलं पुन्हा बसवूच नका. मधमाश्यांना पिवळा रंग आवडतो आणि सुतारासाठी ते खेळणं होतं. त्याला स्वतःचा एक जुना फीडर वेगळा द्यायला हरकत नाही. ॲरिझोनात पुष्कळ लोक तेच करतात आणि माझ्या मते तोच शहाणपणा आहे.

रात्रीचं गिऱ्हाईक वटवाघूळ. दक्षिण ॲरिझोनात उन्हाळा सरताना मकरंद पिणारी वटवाघळं फिरतात. लांब नाकाची आणि लांब जिभेची, अशा दोन जाती. घायपात आणि सग्वारोच्या फुलांवर ती जगतात, परागीभवनही तीच करतात. अंधार पडल्यावर खिडकीतून पाहा: एकामागून एक येतात, क्षणभर तरंगतात, जीभ घालतात आणि जातात. फीडर जागच्या जागी, फक्त रिकामा आणि बाहेरून थोडा चिकट, ही त्यांची खूण. रॅकूनने काम केलं असेल तर फीडर खाली पडलेला सापडतो, डोंगराकडच्या भागात अस्वल आलं असेल तर चेपलेला.

त्रास वाटत असेल तर संध्याकाळी फीडर आत घ्या आणि पहाटे उजाडायच्या आत बाहेर टांगा. हमिंगबर्ड रात्रभराचे उपाशी असतात, त्यांना पहिला घोट लवकर लागतो. मला विचाराल तर मी रात्रीसाठी वेगळं पाणी भरून ठेवीन. यातली लांब नाकाची जात धोक्यातल्या प्राण्यांच्या अमेरिकी यादीतून २०१८ साली बाहेर आली, ती संख्या सावरली म्हणून. वटवाघळांच्या बाबतीत तिथे असं पहिल्यांदाच घडलं. आठवड्याला किलोभर साखर जास्त गेली तर जाऊ द्यावी.

प्रश्न (ऑस्टिन, टेक्सस): मोठ्या पक्ष्यांना हाकलायला घरात तीन सल्ले मिळालेत: खांबाला ग्रीस फासा, पाण्यात थोडं तिखट घाला, प्लास्टिकचं घुबड बसवा. शेजारी तर छऱ्याची बंदूक द्यायला तयार आहे. कोणता खरा?

एकही नाही.

ग्रीस किंवा तेल पिसांना लागलं की ते निघत नाही. पिसं चिकटतात, ऊब टिकत नाही, उडणं बिघडतं. ओरिओलसाठी लावलेलं ग्रीस हमिंगबर्डलाच आधी मारेल. तिखटाचा झणका पक्ष्यांना लागतच नाही. मिरची तोंडात जाळते ती आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांना; पोपट हिरव्या मिरच्या कशा मटकावतो ते आपण पाहिलेलंच आहे. साखर आणि पाणी सोडून तिसरी वस्तू फीडरमध्ये जाऊ नये. घुबड थोडे दिवस काम करतं, मग त्याच्याच डोक्यावर बसून ग्रॅकल नावाचे काळे पक्षी पंख साफ करतात.

बंदुकीचा विचार मनातून काढाच. ओरिओल, सुतार, फिंच, ग्रॅकल या सगळ्यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याचं संरक्षण आहे. मारणं, पकडणं, अंडी घातलेलं घरटं मोडणं, सगळं गुन्ह्यात येतं. व्हिसावर राहणाऱ्यांनी तर असल्या भानगडीपासून चार हात लांबच असावं.

तुमच्या भागात खरी काळजी करण्यासारखा मोठा पक्षी एकच, रोडरनर. तो पाण्यासाठी येत नाही, हमिंगबर्डसाठीच येतो. फीडरखालच्या झुडपात दबा धरतो आणि उडी मारून पक्षी टिपतो. फीडर उंच टांगा आणि खालची दाट झुडपं छाटून जागा मोकळी ठेवा. मांजरासाठीही हीच खबरदारी.

प्रश्न (शिकागो): पाणी कमी गोड केलं तर ओरिओल कंटाळून जातील का? आणि साखरेऐवजी गूळ किंवा मध चालेल का? सासूबाई म्हणतात पांढरी साखर वाईट.

ओरिओल कमी गोडही आवडीने पितात, म्हणून पातळ केल्यावर जाईल तो हमिंगबर्ड. १ वाटी साधी पांढरी साखर, ४ वाट्या पाणी, प्रमाण हेच ठेवा. फुलांतला रस साधारण असाच असतो.

गूळ आपल्यासाठी उत्तम, पण त्यातलं लोह या पक्ष्यांना बाधतं. मधाच्या पाण्यात बुरशी पटकन धरते. लाल रंग तर घालूच नका, फीडरचा लाल रंग पुरेसा आहे. कडक उन्हाळ्यात पाणी दोन दिवसांनी बदला, फीडर दर वेळी गरम पाण्याने आणि ब्रशने धुवा. उरलेलं पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

प्रश्न (डॅलस): आमच्याकडे मोठे पक्षी नाहीतच. एकच हमिंगबर्ड फीडरवर मालकी सांगतो आणि बाकीच्यांना पिटाळून लावतो. याला आवरायचं कसं?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांनीच विचारायला हवा. हमिंगबर्डला फीडरवरून जितका हमिंगबर्ड हाकलतो, तितका दुसरा कोणी हाकलत नसेल. तो ठराविक फांदीवर बसून पहारा देतो. त्याच्या नजरेच्या टप्प्यात दहा फीडर लावले तरी तो दहाही राखू बघेल. म्हणून दुसरा छोटा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, कोपऱ्यापलीकडे लावा, जिथून पहिला दिसत नाही. एकाच वेळी दोन्हीकडे त्याला बसता येत नाही.

प्रश्न (कोथरूड, पुणे): ऑनलाइन हमिंगबर्ड फीडर मागवला. बुलबुल आणि खारी येतात, हमिंगबर्ड एकही नाही. कुठे टांगू?

कुठेही टांगलात तरी येणार नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत, उत्तर आणि दक्षिण, आढळतात; भारतात एकही जात नाही. बाल्कनीतल्या फुलांवर चकाकणारा, वाकड्या चोचीचा जो छोटा पक्षी तुम्ही पाहिला असेल तो शिंजीर. क्षणभर तरंगतो खरा, पण शक्यतो बसूनच रस पितो. त्यामुळे दांड्या काढायची वरची युक्ती त्याच्या बाबतीत उलटी पडेल.

शिंजीरासाठी साखरपाणी मी सुचवणार नाही. पुण्याच्या उन्हात ते दिवसभरात आंबतं, आणि त्यावर बुलबुल, साळुंक्या, खारी, मुंगळे सगळे जमतात. कुंडीत साधी एकेरी जास्वंद लावा. सोसायटीत जागा असेल तर पांगारा किंवा धायटी लावायचा आग्रह धरा; धायटी फुलली की शिंजीर तिच्यावरून हलत नाहीत. डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले छोटे चष्मेवाले पक्षीही येतील.

आणि बाल्कनीतल्या वायरला किंवा वेलीच्या टोकाला कोळ्याचं जाळं, काटक्या, कागदाचे कपटे यांचं लोंबतं गाठोडं दिसलं तर ते कचरा म्हणून झाडून टाकू नका. बाजूला छोटं दार दिसलं की समजा ते शिंजीरणीचं घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत ती वायर हलवू नका आणि त्या बाजूला कपडे वाळत घालू नका.