विदर्भातल्या खेड्यात राहून जुन्या लष्करी वस्तूंचा संग्रह सुरू करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाव आडबाजूला आहे, पैसा बेताचा आहे, आणि गावातल्याच एका घरी जुनी तलवार विकायला निघाली आहे. तर संग्रहाची सुरुवात तिच्यापासून करावी का? संग्रह जरूर करा भाऊ. पण तलवारीपासून नको, पदकापासून करा.

तलवारीची अडचण एक नाही. नऊ इंचांहून लांब पात्याची शस्त्रं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, तेव्हा पैसे मोजण्याआधी ठाण्यात किंवा कलेक्टर कचेरीच्या परवाना शाखेत विचारून घ्या. भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून बार भरायच्या बंदुकीबद्दल तर विचारूच नका. जुनाट आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या बंदुकीला त्याच कायद्यात सूट आहे, पण ती 'चालत नाही' हे तुम्ही-मी ठरवायचं नसतं. दुसरं म्हणजे नकली माल. नवं पातं तेजाबात बुडवून काळं करायचं, मुठीला शेंदूर फासायचा आणि 'मालगुजाराच्या वाड्यातली आहे' म्हणून खपवायचं, हा धंदा जोरात आहे. तरी समजा, तलवार अस्सल निघाली. ती चालवली कोणी? अडगावला १८०३ साली भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली, १८१७ ला सीताबर्डीवर लढाई झाली. दर तिसरा विकणारा आपली तलवार या दोन्हींपैकी एकीत नेऊन सोडतो. पात्यावर नाव नसतं, त्यामुळे त्याला खोटंही पाडता येत नाही.

पदकावर मात्र नाव असतं. पहिल्या महायुद्धाची दोन पदकं आपल्याकडच्या घरांत जास्त सापडतात. एक चांदीचं, त्यावर पंचम जॉर्जचा मुखवटा. दुसरं पिवळट कांस्याचं, त्यावर पंखवाली बाई. दोन्हींची कड उजेडात तिरपी धरून पाहा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण रोमन अक्षरांत ठोकलेली दिसेल. हिंदी फौजेला मिळालेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवरही बहुतेक वेळा नाव असतं, अगदी बर्मा स्टार या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावरसुद्धा. इंग्रज शिपायांच्या स्टारवर ते नसतं. पलटण कळली की माणूस कुठे लढला याचा माग लागतो. ११० वी मराठा लाइट इन्फंट्री निघाली, तर ही पलटण मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कुतच्या वेढ्यात अडकली होती, आणि तिथे अडकलेल्या फौजेने २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली. शिपाई लढाईत मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा, पैसे लागत नाहीत. स्पेलिंग मात्र तीन-चार तऱ्हेने टाकून पाहा, कारण पलटणीच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं.

आता चांदीचं पदक बहुतेक घरांतून गेलेलं असतं. सोनाराकडे वितळून त्याची जोडवी झाली. कांस्याला मोड येत नाही म्हणून ते एकटं मागे राहिलं. 'जोडी तुटली' म्हणून सोडू नका, नाव दोन्हींवर तेच होतं. आणि पंचम जॉर्जचा मुखवटा असलेलं तेच पदक कधी कांस्याचं दिसलं तर नकली समजून परत देऊ नका. लेबर कोअरमधल्या मजुरांना ते कांस्यात दिलं होतं. चांदीच्यापेक्षा ते फार कमी संख्येने निघालं, म्हणून जाणकार त्याला जास्त मोजतात. कबाडी मात्र किलोनेच मोजेल.

खरं काम मिळवण्याचं नाही, विचारण्याचं आहे. कोणाच्या घरी जाऊन 'जुनं काही आहे का' म्हटलं की लोक सावध होतात. 'तुमच्या घरचं कोणी पलटणीत होतं का' म्हणा, चहा येईल. आमच्याकडच्या एका म्हातारीने मला पदक दाखवलं ते असं म्हणत, "मोडीत द्याचं हाय जी, आता कोन पायते त्याले?" मी कड वाचून तिच्या आजेसासऱ्याचं नाव मोठ्याने म्हटलं. तिने पदक परत घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. ते मला मिळालं नाही, आणि मिळायलाही नको होतं. माझ्या वहीत मात्र नंबर, पलटण आणि तिने सांगितलेली हकीकत आहे. तो नोंदलेला माल मी संग्रहातच धरतो.

विकत घ्याल तेव्हा भाऊबंदांची वाटणी झाली आहे का ते आधी पाहा. मग साध्या कागदावर कोणाकडून, कोणतं गाव, किती रुपये, कोणती तारीख हे लिहून सही घ्या. उद्या कोणी चोरीचा माल म्हटलं तर तोच कागद कामी येतो.

पदकाच्या आसपासचे कागदही मागा : डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, आघाडीवरून आलेली पत्रं. वाळवी आधी त्यांच्यावरच पडते. आठवडी बाजारातल्या कबाड्याशी ओळख ठेवा आणि तराजूत टाकण्याआधी एकदा दाखव म्हणावं. त्याच्या ढिगात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळातल्या चपराशाच्या पट्ट्यावरचे पितळी बिल्ले, कोतवालाचे बिल्ले सापडतात. ते लष्करी नाहीत, पण तेवढ्याच प्रेमाने ठेवावेत असे आहेत.

काही गोष्टींच्या वाटेला जाऊच नका. पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या बाजूचं भंगार, तोफगोळ्याची टोपी असो की पुंगळी, हात लावायचा नाही. २०१८ साली तिथे जुना दारूगोळा निकामी करताना माणसं गेली. गाविलगड-नरनाळ्यावरून दगडसुद्धा उचलायचा नाही, ती संरक्षित स्मारकं आहेत. शेत नांगरताना नाण्यांचं गाडगं लागलं तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. आणि रामदरबाराचा ईस्ट इंडिया कंपनीचा 'आणा', तांदूळ ओढून घेतं म्हणून खपवलेलं 'चमत्कारी' भांडं, पायाळू पोरगं घेऊन गुप्तधन शोधणारा बुवा या ठकबाजीतलं काहीही दारात आलं तर चहासुद्धा विचारू नका. शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी पाठवून देतो म्हणणाराही त्याच रांगेतला. १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

मिळालेलं पदक चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, कडेवरची अक्षरं आधी झिजतात. कोरडं सुती फडकं पुरे. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या चिकट पाकिटात नको. घरात आधीच जुनं पातं असेल तर दसऱ्याच्या पूजेचं हळद-कुंकू आणि लिंबू त्याच दिवशी पुसून मशीन ऑइलचा हात फिरवा. खोबरेल लावू नका, ते चिकटून बसतं आणि धूळ धरतं.

त्या तलवारवाल्याकडे जालच, तर तलवारीचा विषय बाजूला ठेवून घरचं कोण पलटणीत होतं ते विचारा. पदक निघालं तर कडेचा फोटो इथे कमेंटमध्ये टाका, अक्षरं लावून देतो.