तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक नेमकी कशी रोखली?

प्रश्न असा आहे: नाशिकला पोलीस भरतीची तयारी चालू आहे, ओंबळेंनी नुसत्या हातांनी एके-४७ धरली एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. मग नेमकं घडलं काय, त्यानं फरक काय पडला, आणि ट्रेनिंगमध्ये असं शिकवतात का?

आधी हुद्दा नीट करून घ्या. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे १६०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलांकडून कधी ‘कॉन्स्टेबल ओंबळे’, कधी ‘इन्स्पेक्टर ओंबळे’ ऐकू येतं. ते सहायक पोलीस उपनिरीक्षक होते, म्हणजे एएसआय. हे पद शिपायापासून बढती घेत घेत मिळतं. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतून थेट बाहेर पडतो तो पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक. ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी लष्करात नोकरी, मग १९९१ मध्ये मुंबई पोलिसात. नेमणूक डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात.

आता २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. सीएसटी, कामा रुग्णालय आणि रंगभवनची गल्ली, जिथे करकरे, कामटे आणि साळसकर पडले, एवढं करून कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल पोलिसांचीच क्वालिस घेऊन पळाले. तिचा टायर बसला, म्हणून रस्त्यात एक स्कोडा हिसकावली. क्वालिसमध्ये मागे जखमी अवस्थेत पडून राहिलेले पोलीस शिपाई अरुण जाधव जिवंत होते, त्यांनी वायरलेसवरून कळवलं. नियंत्रण कक्षाकडून स्कोडाचा संदेश गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपर्यंत पोचला.

बहुतेक लेखांत नाकाबंदी एका ओळीत उरकतात. माझ्या मते अर्धं काम तिनंच केलं. बॅरिकेड एका सरळ रांगेत लावले तर वेगातली गाडी ते उडवून निघून जाते. पुढे-मागे, दोन टप्प्यांत लावले की गाडीला वेग कमी करावाच लागतो. चौपाटीवर दुहेरी बॅरिकेड होते. स्कोडा अलीकडेच थांबली. इस्माईलनं हेडलाइट प्रखर केले आणि काचेवर पाणी सोडून वायपर चालू केले, म्हणजे आत किती जण आहेत ते बाहेरून दिसू नये. मग यू-टर्न घ्यायला गेला आणि गाडी दुभाजकावर अडकली. पोलीस दोन्ही बाजूंनी पुढे झाले. इस्माईलनं गोळीबार केला, त्याला पोलिसांच्या गोळ्या लागल्या. डाव्या दारातून कसाब बाहेर आला तेव्हा त्या बाजूला ओंबळे होते, हातात फक्त लाठी.

त्यांनी रायफलची नळी धरली. इथे हत्यार माहीत असलं की प्रसंग जास्त कळतो. नळी धरल्यानं एके-४७ थांबत नाही. गोळीच्या गॅसवर तिची यंत्रणा मागे-पुढे होत राहते, ट्रिगर दाबलेला असेपर्यंत मॅगझिन रिकामं होत जातं. ३० गोळ्यांचं मॅगझिन स्वयंचलित गोळीबारात तीनेक सेकंदांत संपतं. म्हणजे नळी धरणाऱ्याच्या हाती एकच गोष्ट उरते: तोंड कुठे वळायचं ते. ओंबळेंनी ते स्वतःवरून हलू दिलं नाही. रायफल लांब असते, पुढचं टोक कुणी पकडलं की मागच्याला ती डावी-उजवी फिरवता येत नाही. गोळ्या त्यांच्याच शरीरात गेल्या. सहकारी संजय गोविलकर जखमी झाले, पण तेवढ्या अवधीत बाकीच्यांनी लाठ्यांनी कसाबला खाली पाडून हत्यार काढून घेतलं.

ट्रेनिंगमध्ये असं शिकवतात का? नाही. कुठलाही उस्ताद आधी सांगेल की गोळीच्या रेषेतून अंग बाजूला काढा, मग नळी बाहेर ढकला. त्याला एक पाऊल जागा लागते आणि साथीला आड देणारा बंदूकधारी सहकारी लागतो. गाडीच्या दाराशी, भिडलेल्या अंतरावर ती सवड नव्हती. बाजूला झाले असते तर मागचे लोक रेषेत आले असते.

आणि फरक काय पडला? दहा हल्लेखोरांपैकी हा एकच जिवंत सापडला. त्याच्याकडे हिंदू नावाचं, हैदराबादच्या कॉलेजचं खोटं ओळखपत्र होतं. तो मेला असता तर त्या कार्डावरून किती वावड्या उठल्या असत्या, याचा विचार करा. हल्लेखोर जिच्यावरून आले ती ‘कुबेर’ बोट, तिच्यावर सापडलेला सॅटेलाइट फोन, बधवार पार्कला उतरणं, कराचीतून येणाऱ्या सूचना: हे तुकडे जोडणारा माणूस कोठडीत होता. फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्ताननंही कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचं मान्य केलं. कसाबनं दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब नंतर फिरवला, तरी खटला टिकला. ६ मे २०१० ला फाशीची शिक्षा, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी.

पुढे पीएसआयच्या मुलाखतीपर्यंत गेलात तर हे पक्कं असू द्या: २६ जानेवारी २००९ ला मरणोत्तर अशोकचक्र, म्हणजे शांतताकाळातला सर्वोच्च शौर्य सन्मान. त्या यादीत करकरे, कामटे आणि साळसकरही होते. शौर्यचक्र म्हणालात तर तो वेगळा, दोन पायऱ्या खालचा. आणि एक गोष्ट सहसा कुणाला माहीत नसते: २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलं, ते ओंबळेंवरूनच.