गच्चीच्या चारी कडांना फुलझाडांचे वाफे बांधायचे आहेत, आखणी कशी करावी?

तुमचं पुण्यात दोन मजली घर आहे आणि गच्चीच्या कठड्याला लागून चारी बाजूंनी विटांचे वाफे बांधायचेत, असं तुम्ही लिहिलंय. वाफे जरूर बांधा, पण कठड्याला लागून बांधू नका.

मी नेमकं तेच केलं होतं. वाफ्याची मागची भिंत वाचावी म्हणून गवंड्याने कठडाच धरला आणि मीही मान डोलावली. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीत कपाटामागे ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. शेवटी भरात आलेला मोगरा उपटून वाफा फोडावा लागला. कोबा आणि कठडा जिथे मिळतात त्या सांध्यात मोगऱ्याची मुळं जटेसारखी गुंतून बसली होती. खराट्याने ओढली तर त्यांच्याबरोबर सिमेंटचे तुकडे निघाले. ते बघून फार वाईट वाटलं होतं.

आता आमचे वाफे कठड्यापासून चांगली वीतभर सुटे आहेत, मागून झाडू फिरतो. विटांचे चार इंची पाये, त्यावर कडप्प्याच्या पट्ट्या, पट्ट्यांमध्ये बोटभर फटी आणि फटींवर नारळाच्या शेंड्या. वाफ्यातलं जास्तीचं पाणी खाली टपकतं आणि गच्चीच्या उताराने जाळीकडे वाहून जातं. जाळीसमोर मात्र वाफा अजिबात नको, तिथे जागा मोकळी सोडा.

वजनाचा हिशोब आधी करा. ओली माती घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते. म्हणजे दहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि फूटभर खोल वाफ्यात साडेसातशे किलो नुसती माती झाली, विटा वेगळ्या. वापरात असलेल्या गच्चीसाठी स्लॅबवर साधारणपणे चौरस मीटरला 150 किलोचा भार धरतात आणि हा वाफा त्याच्या तिपटीच्या वर जातो. म्हणून वाफे खालच्या भिंतीच्या किंवा बीमच्या डोक्यावरच येऊ द्या, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा गच्ची दाखवाच. त्याच्या फीमध्ये काटकसर करू नका. माती एक तृतीयांशच घ्या, बाकी कंपोस्ट, पालापाचोळा आणि रसवंतीवरची वाळलेली चिपाडं. चिपाडं कुजून वाफा खाली बसत जातो, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी वरून भर घालावी लागते.

कुठल्या कडेला काय लावायचं ते ऊन ठरवतं. पुण्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला 48 अंशांवरच असतो. तीन फुटी कठड्याची सावली गच्चीच्या फरशीवर पावणेतीन फूट आत येते. वाफ्यातली माती फरशीपेक्षा सव्वा-दीड फूट उंच असली, तरी दक्षिणेच्या कठड्याआतला वाफा हिवाळाभर बराचसा सावलीतच राहतो. उत्तरेच्या कडेला त्याच दिवसांत भरपूर ऊन असतं. मी पहिल्या वर्षी शेवंती दक्षिणेला लावली, तर तिची नुसती पानं वाढली. आता शेवंती आणि झेंडू उत्तरेला आहेत, दक्षिणेला अबोली. अबोलीला थोडी सावली चालते, उलट मानवते. पश्चिमेचं तापलेलं ऊन सदाफुली आणि कण्हेर सोसतात (कण्हेर विषारी असते, घरात लहान मुलं असतील तर टाळा). पूर्वेला सकाळच्या उन्हात गुलाब. मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा दुपारी चारही कडा सारख्याच भाजतात. त्या महिनाभर हिरवी जाळी बांधा आणि पाणी दोन वेळा द्या.

वाफ्याची रुंदी दीड फुटापेक्षा जास्त नको, कारण कठड्याच्या बाजूने हात घालायला जागा नसते आणि मागचं तण तसंच राहतं. त्यात पिंपळाचं किंवा उंबराचं रोप दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट काढा. पक्ष्यांच्या विष्ठेतून ती येतात आणि चार पानांची होईपर्यंत मूळ फटीत शिरलेलं असतं. मी दर रविवारी पाणी घालताना वाफ्यामागची ती वीतभर जागा वाकून बघते. पावसाळ्यात तिथे हमखास एखादं सापडतं.