शेवंतीला कळ्या का धरत नाहीत?

प्रश्न : गॅलरीतल्या कुंडीत शेवंती आहे. झाड हिरवंगार, दोन फूट उंच, पण कळीचा पत्ता नाही. याच झाडाची फांदी शेजारच्यांनी लावली, ती मात्र कळ्यांनी भरली आहे. दर पंधरा दिवसांनी चमचाभर युरिया घालते. गॅलरीतला दिवा रात्रभर चालू असतो. काय कमी पडतंय?

उत्तर : कमी पडतोय तो अंधार. शेवंती लहान दिवसांत फुलते. कळी धरायला तिला रोज साधारण 13 तास किंवा त्याहून जास्त अंधार लागतो, आणि तोही सलग. मध्ये दिवा लागला की पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य तो उजेड टिपतं आणि झाडाच्या लेखी एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात. फुलं लांबवायची असली की फुलशेतीवाले मुद्दाम रात्री 10 ते 2 दिवे लावतात. तुमच्याकडे तेच फुकटात चाललंय.

उजेड फार लागतो असंही नाही. रात्री कुंडीजवळ उभं राहून पेपरचे मथळे वाचता येत असतील, तर तो शेवंतीला नडतो. दिव्याकडची बाजू कोरी आणि भिंतीकडच्या फांद्यांना कळ्या, असं दिसलं तर शंकाच नको.

सगळ्यात सोपं म्हणजे कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. ते जमत नसेल तर संध्याकाळी 6 ते सकाळी 8 झाड झाका. जाड पुठ्ठ्याचा खोका किंवा दुहेरी काळं कापड चालतं. पातळ ओढणी चालत नाही. झाकण काठ्यांवर टेकवा, फांद्यांवर नको, आणि खालून चार बोटं फट ठेवा, पण दिव्याच्या विरुद्ध बाजूला. आत वाफ कोंडली तर उकाड्यानेही कळी मागे पडते. रात्री 15 ते 18 अंश तापमान शेवंतीला मानवतं. हे रोज करायचं, रविवारीसुद्धा. साधारण तीन-चार आठवड्यांत कळ्या दिसतात. त्यांना रंग येईपर्यंत झाकत राहा. फूल कधी उमलेल ते जातीवर आहे : लवकरच्या जाती अंधार सुरू झाल्यापासून सहा-सात आठवडे घेतात, उशिराच्या बारा-तेरा.

युरिया मात्र आजच थांबवा. नुसतं नत्र मिळालं की पाला माजतो. कळ्या दिसल्यावर 0:52:34 (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा पुरे. पण दिवा तसाच ठेवून खत बदलाल तर काही उपयोग नाही.

प्रश्न : कळ्या आल्या, पण वाटाण्याएवढ्या होऊन थांबल्या. त्यांच्याभोवती अरुंद, पट्टीसारखी पानं फुटली आहेत.

उत्तर : ही अर्धवट राहिलेली कळी. सुरुवातीला रात्री पुरेशा लांब मिळाल्या, मग मध्येच खंड पडला. बहुतेक वेळा झाकायचं चार-पाच दिवस राहून गेलेलं असतं, नाहीतर नवा दिवा बसलेला असतो. ती कळी खुडून टाका. खालचे कोंब फुटतील, ते तीन-चार इंच झाले की अंधार नव्याने सुरू करा. त्यानंतर शेंडा खुडायचा नाही. दर खुडणीला फुलं काही आठवडे पुढे जातात, आणि दाट झाडाच्या हौसेपोटी खुडत राहणारे पुष्कळ जण इथेच फसतात.

प्रश्न : गुलाबही फुलत नाही. त्यालाही झाकू का?

उत्तर : मुळीच नको. गुलाबाचं फुलणं रात्रीच्या लांबीवर अवलंबून नसतं, त्याला सहा तास थेट ऊन हवं. वाळलेली फुलं कापताना खाली पाच पानांचा झुबका असलेला देठ शोधा आणि तिथल्या बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या जागेच्या) जरा वर तिरका काप द्या. ऊन पुरेसं असेल तर नव्या फुटीला सहा ते आठ आठवड्यांत फूल येतं.