ठरावावर सही करण्याआधी धरणातली पातळी विचारा

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. चौदा गावांची प्रादेशिक पाणीपुरवठा योजना, धरण २२ किलोमीटरवर, गावाला चौपदरी रस्ता लागल्यामुळे दर महिन्याला नवं प्लॉटिंग, आणि पुढच्या आठवड्यातल्या ग्रामसभेत ‘योजनेत सामील होण्यास मान्यता’ असा ठराव हवाय. तुम्ही विचारलंय, सामील व्हावं की आपल्या विहिरी-बोअरवरच राहावं. हाच प्रश्न २०११ साली माझ्यासमोर होता. आमच्या अकरा गावांच्या शिखर समितीचा, म्हणजे सगळ्या गावांची मिळून योजना सांभाळणाऱ्या समितीचा, मी सचिव होतो. आम्हीही मराठवाड्यातलेच, लातूरपासून फार लांब नाही.

मी अभियंता नाही. जे भोगलं तेवढंच सांगतो, तुमच्या धरणाची गोष्ट वेगळी असू शकते. डीपीआर (योजनेचा सविस्तर आराखडा), तांत्रिक मान्यता, लोकवर्गणी हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

माझं मत विचाराल तर सामील व्हा. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. सहाशे-सातशे फुटांवर बोअरला लागलेलं पाणी बहुतेक ठिकाणी एक-दोन उन्हाळे साथ देतं आणि मग नुसती धूळ. वाढत्या गावाचा भार त्यावर टाकणं मला पटत नाही. पण सामील होताना आम्ही जी चूक केली ती करू नका. ती एकच चूक आम्हाला बाकी सगळ्या चुकांपेक्षा महाग पडली.

झालं असं. योजना एका मध्यम प्रकल्पाच्या धरणावर होती. लोकसंख्या वीस हजार, तेव्हा माणशी ४० लिटर धरायचे, म्हणजे रोजचे आठ लाख लिटर. वर्षाचा हिशेब ०.२९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). धरणाच्या मानाने ओंजळभर. पाण्याची उपलब्धता दाखवणारं पत्र एका कार्यालयाने दिलं, त्यात लिहिलं होतं की प्रकल्पात पुरेसा साठा आहे आणि पिण्यासाठी आरक्षण मंजूर आहे. आम्ही ते पत्र प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काम सुरू झाल्यावर जॅकवेलच्या, म्हणजे धरणातलं पाणी पंपासाठी घेणाऱ्या विहिरीच्या, खोदाईत कठीण खडक लागला. ठेकेदार म्हणाला, जागा ऐंशी मीटर काठाकडे सरकवली तर काम लवकर होईल, खर्चही वाचेल. साइटवरचे साहेब म्हणाले, काही फरक पडत नाही. समितीचा ठराव मागितला, तो मी स्वतः लिहिला आणि सही केली. नकाशावर तलांक, म्हणजे कुठली गोष्ट किती उंचीवर आहे ते आकडे, लिहिलेले होते. आम्ही ते पाहिले, त्यांचा अर्थ विचारला नाही.

अर्थ असा होता की जॅकवेलमध्ये पाणी घेणारी सगळ्यात खालची खिडकी कालव्याच्या दाराच्या उंबरठ्यापेक्षा सव्वा मीटर वर आली होती. म्हणजे पातळी घसरत गेली की आधी आमचा नळ बंद होणार आणि त्यानंतरही सव्वा मीटर पाणी कालव्याने शेताला जात राहणार. पिण्याच्या पाण्याची खिडकी खरं तर कालव्याच्या उंबरठ्याखाली, मृतसाठ्यात हवी. जायकवाडीचं बघा. एकूण साठा २९०९ दलघमी, त्यातला ७३८ मृत. कालव्याला न मिळणारं हेच पाणी वाईट वर्षी शहरांच्या नळाला तारतं, मग त्यासाठी आपत्कालीन पंप का लावावे लागेनात.

पहिला उन्हाळा बरा गेला. २०१४ ला पावसाने दगा दिला आणि २०१५ च्या मार्चमध्ये उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला सोडायचं पाणी, सुटलं. नवव्या दिवशी आमचे पंप हवा ओढायला लागले. पत्र देणाऱ्या त्याच कार्यालयात मी धावलो. आवर्तन चार दिवस थांबवा, आरक्षण आमचं आहे, असं म्हणालो. उत्तर मिळालं की आरक्षण परिमाणाचं, म्हणजे किती पाणी याचं असतं, पातळीचं नसतं. तुमचं परिमाण धरणात शिल्लक आहे, ते तुमच्या विहिरीपर्यंत येत नाही हा तुमच्या योजनेचा प्रश्न. योजना बांधणाऱ्या कार्यालयात गेलो तर ते म्हणाले, हस्तांतरण झालंय, आता जबाबदारी समितीची. दोन्ही कार्यालयांच्या मध्ये पाच किलोमीटर अंतर, मी त्या उन्हाळ्यात तो रस्ता किती वेळा केला याची मोजदाद नाही. एका अर्जाची पोच माझ्या हातात असताना आवक नोंदवहीत तो सापडत नाही असं सांगितलं गेलं. गावात बाया पहाटे तीनपासून टँकरसाठी घागरी लावून बसलेल्या, आणि इथे नोंदवही उलटसुलट चाळणं चाललेलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

मग पोकलेन लावून धरणाच्या पोटातून जॅकवेलपर्यंत चर खोदला. गाळ इतका की सकाळी खोदलेला चर संध्याकाळी ढासळायचा. शेवटी तराफ्यावर पंप ठेवून पाणी उचललं. तोवर मे संपत आला होता. पाणी रोज उडतही होतं. ऐन मे महिन्यात दिवसाला सात मिलिमीटर जरी धरलं तरी एक चौरस किलोमीटर पसाऱ्यावरून सत्तर लाख लिटर जातं, आमच्या अकरा गावांच्या गरजेच्या जवळजवळ नऊपट. म्हणून वर्षाचं परिमाण किती हा आकडा माझ्या लेखी अपुरा आहे. जून उजाडेपर्यंत कुठल्या पातळीला किती उरतं, ते विचारायचं.

सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं नाही, विश्वासाचं झालं. शंभरातली साठ घरं पाणीपट्टी भरत होती, त्या उन्हाळ्यानंतर वीसही भरेनात. नळाला पाणी नाही तर पट्टी कशाची, या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पट्टी नाही म्हणून वीजबिल थकलं, बिल थकलं म्हणून जोडणी तुटली, आणि पाऊस चांगला झाल्यावर धरण भरलेलं असतानाही नळ कोरडे राहिले. शेवटच्या टोकाची तीन गावं योजनेतून बाहेर पडली ती परत आलीच नाहीत.

तुमच्याकडे लोकवस्ती वाढतेय, म्हणून आणखी एक गोष्ट. बहुतेक आराखडे अजून २०११ ची जनगणना धरून पुढची वाढ काढतात, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. तुमच्या गावाला रस्ता त्यानंतर लागला. गावातले घरगुती वीज मीटर मोजा, भाड्याच्या खोल्या आणि वसतिगृहातली पोरं मोजा, मंजूर झालेल्या लेआउटमधले प्लॉट मोजा. आता माणशी ५५ लिटर धरतात, पण प्लॉटिंगमधल्या बंगल्याला तेवढ्यात भागत नाही. तो मुख्य जलवाहिनीजवळ असतो, मोटार लावून ओढतो, आणि जुन्या गावठाणातल्या उंचावरच्या गल्लीत थेंब पोचत नाही. जलवाहिनी साधारण तीस वर्षांचा विचार करून टाकतात, पंप पंधरा वर्षांचा. आज जो व्यास ठरेल तो तुमच्या नातवंडांपर्यंत राहणार आहे. जनावरंही विसरू नका, आम्ही विसरलो होतो.

आणि गावची जुनी विहीर बुजवू नका, तिच्यावर सभागृह तर अजिबात बांधू नका. योजना आली की हा मोह होतोच. वर्षातून एकदा गाळ काढा, मोटार चालू ठेवा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून (स्रोतापासून) ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायला कायद्याने बंधन आहे, त्याचा आग्रह धरा, मग भावकीत वाईटपणा आला तरी चालेल. धरणच आटलं तर कितीही खाली खिडकी असली तरी उपयोग नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या अकरा गावांना तेवढं एक दिवसही पुरलं नसतं. त्या वर्षी आमच्या गावात ज्यांचं निभावलं ते अशाच एका जुन्या आडावर.

विरोधाचा ठराव करू नका, त्याने गाव यादीतून निघून जाईल आणि पुन्हा घुसायला वर्षं लागतील. अटींसह मान्यता द्या. अटी बंधनकारक ठरतील का हे वकिलाला विचारा, पण पुढे भांडायला कागद तरी हातात राहतो, आमच्याकडे तोही नव्हता. गेल्या दहा वर्षांतल्या दर ३१ मेच्या पाणीपातळीची नोंद आधीच माहिती अधिकारात मागवा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, ग्रामसभेआधी ते येईलच असं नाही, म्हणून आजच अर्ज टाका, पोच घ्या, पोचेचा फोटो काढून ठेवा. दरवर्षी १५ ऑक्टोबरचा साठा धरून जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत पिण्याचं आरक्षण ठरतं, त्या बैठकीआधी तुमचं पत्र तिथे पोचलेलं असू द्या.

ठरावात साधारण असं लिहा, भाषा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून नीट करून घ्या:

‘जॅकवेलच्या सर्वांत खालच्या खिडकीचा तलांक कालव्याच्या दाराच्या उंबरठ्याच्या तलांकाखाली राहील, दोन्ही तलांक या ठरावात आकड्यांत नमूद करण्यात येतील, जॅकवेलची जागा ग्रामसभेच्या मान्यतेशिवाय बदलली जाणार नाही, आणि एक पूर्ण उन्हाळा सलग पाणीपुरवठा झाल्याखेरीज गाव योजनेचे हस्तांतरण स्वीकारणार नाही, या अटींवर मान्यता देण्यात येत आहे.’