कोलारचं सोनं कुणी शोधलं, आणि ते खरंच संपलं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कोलारचं सोनं इंग्रजांनी शोधलं का, आणि सोनं संपलं म्हणून खाण बंद पडली का. माझ्या मते दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. बंगळुरूला नोकरीत असताना मी केजीएफला, म्हणजे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सला, तीन-चार वेळा जाऊन आलो, आणि तेव्हापासून या खाणींबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

शोधाचं श्रेय बहुतेक ठिकाणी लेव्हेल या आयरिश माणसाला दिलेलं दिसेल. न्यूझीलंडमध्ये माओरींविरुद्धच्या लढाईत सैनिक म्हणून लढून तो बंगळुरूला स्थायिक झाला. १८७१ मध्ये बैलगाडीने कोलारकडे गेला आणि १८७३ मध्ये त्याने म्हैसूर सरकारकडून खाणकामाचा परवाना मिळवला. पण तो तिकडे गेला कशाच्या जोरावर? वॉरन नावाच्या लेफ्टनंटचा जुना वृत्तांत त्याने वाचला होता म्हणून. आणि वॉरनला तरी कुणी सांगितलं? गावकऱ्यांनी.

टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर राज्याच्या पूर्वेकडच्या हद्दीची मोजणी वॉरनकडे होती. १८०२ मध्ये त्याच्या कानावर आलं की इथल्या मातीत सोनं सापडतं. त्याने बक्षीस लावलं, तसे उरिगमचे लोक बैलगाड्या भरून माती घेऊन आले आणि त्याच्यासमोर धुऊन दाखवली. तळाशी सोन्याचे कण उरले. मारिकुप्पमला तर लोक उथळ खाणीत उतरून दगड फोडत होते, टोपल्या हातोहात वर देत होते, आणि बायका ते दगड कुटून भुकटी करून धूत होत्या. म्हणजे वॉरन आला तेव्हा इथे खाणकाम चालूच होतं. हे सगळं पिढ्यानपिढ्या करणाऱ्या त्या बायकांचं नाव कुठे नाही, ही गोष्ट मला फार लागते.

या जुन्या खाणकऱ्यांची मर्यादा ठरवत होतं पाणी. खोल गेलं की खाणीत पाणी भरायचं आणि उपसायला पंप नव्हते. जुन्या खाणी तिथेच थांबल्या होत्या. लेव्हेलजवळ भांडवल नव्हतं, त्याने हक्क दुसऱ्यांना देऊन टाकले. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही लंडनची कंपनी आली, पण पहिली काही वर्षं हाती काही लागेना. त्याच सुमारास वायनाडमध्ये सोनं आहे म्हणून लंडनमध्ये ढिगाने कंपन्या निघून बुडाल्या होत्या, त्यामुळे भागधारकांचा धीर सुटत चालला होता. शेवटी जुन्या लोकांनी खणलेल्या खड्ड्यांचाच माग काढत प्लमर नावाचा खाणप्रमुख खाली गेला. त्यांनी सोडलेल्या तळाच्या खाली गारगोटीची ती श्रीमंत शीर लागली, चॅम्पियन रीफ. माझ्या लेखी कोलारच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची घटना. इंग्रजांनी सोनं शोधलं नाही, ते जुन्या माणसांच्या खुणेवरून खोल गेले.

आणि किती खोल! चॅम्पियन रीफची खाण शेवटी ३ किलोमीटरच्या पलीकडे गेली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून इथे वीज आणली. बंगळुरू शहराला वीज मिळाली ती त्यानंतर, १९०५ मध्ये. तळाशी खडकाचं तापमान साठ अंशांच्या वर असायचं. खडकावरचा दाब अचानक मोकळा झाला की भिंतीच फुटायच्या. याला रॉक बर्स्ट म्हणतात, आणि त्यात कितीतरी माणसं गेली. जी वाचली त्यांच्यातल्या अनेकांच्या फुप्फुसात गारगोटीची धूळ बसून सिलिकोसिस झाला. हे कामगार मुख्यतः उत्तर अर्काट, सेलम, चित्तूर भागातले, तमिळ आणि तेलुगू बोलणारे, बरेचसे दलित. साहेबांच्या बंगल्यांमुळे गावाला 'लिटल इंग्लंड' म्हणायचे, आणि कामगार राहायचे बांबूच्या तट्ट्यांच्या खोपटांत.

इथे थोडं विषयांतर करतो. खाणीची ही खोली विज्ञानाच्याही कामी आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर याच खाणीत २ किलोमीटरपेक्षा खाली उपकरणं बसवली, आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांच्या जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक इथे झाली.

आता बंद पडण्याचं. १८८० च्या दशकात टनभर दगडातून सरासरी ४७ ग्रॅम, म्हणजे चार तोळे सोनं निघायचं. शेवटी शेवटी ते तीनेक ग्रॅमवर, पाव तोळ्यावर आलं. तेवढ्यासाठी माणसं तीन किलोमीटर खाली न्यायची, हवा थंड करायची, पाणी उपसायचं. १९५६ मध्ये खाणी म्हैसूर सरकारने घेतल्या, १९६२ मध्ये केंद्राकडे गेल्या, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली, पण तोटा काही थांबला नाही. २८ फेब्रुवारी २००१ ला काम बंद झालं. तेव्हा सोन्याचा जागतिक भाव औंसाला जेमतेम २६० डॉलर होता. दहा वर्षांत तो १८०० च्या वर गेला. सोनं अजूनही खाली आहे, ते वर आणणं त्या वेळी परवडत नव्हतं. सव्वाशे वर्षांत इथून सुमारे ८०० टन सोनं निघालं.

चालू खाण म्हणाल तर रायचूर जिल्ह्यातली हट्टीची. तिथलं जुनं काम तर दोन हजार वर्षांपूर्वीचं निघालंय. जवळच मस्कीला १९१५ मध्ये अशोकाचं नाव असलेला शिलालेख सापडला, तोही सोनं धुंडाळत फिरणाऱ्या एका इंजिनिअरलाच.

केजीएफला गेलात तर दगड दळून सायनाइडने सोनं काढल्यावर उरलेल्या राखाडी भुकटीचे डोंगर लांबूनच दिसतील. लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. वारा सुटला की ती भुकटी घरात येते, भांड्यांवर बसते. मी ज्या घरी चहा घेतला तिथल्या अम्मांनी कप द्यायच्या आधी पदराने दोनदा पुसला. त्यांचे यजमान खाणीत होते. मुलगा पहाटेच्या गाडीने मारिकुप्पमहून बंगळुरूला कामाला जातो आणि रात्री परततो.