‘प्रलय’, ‘जगबुडी’ आणि ‘त्सुनामी’

विचारणा अशी आहे: भूकंपाच्या किंवा त्सुनामीच्या बातमीला ‘प्रलय’, ‘महाप्रलय’ असे मथळे दिले जातात, ते अर्थाच्या दृष्टीनं बरोबर आहेत का? ‘जगबुडी’ आणि ‘कल्पांत’ हे त्याचेच समानार्थी शब्द का? आणि त्सुनामीला ‘उधाण’ म्हणता येईल, की आपला वेगळा शब्द घडवावा?

माझं मत आधी सांगतो. ‘जलप्रलय’ भाषेत रुळला आहे, त्याला हात लावू नये. भूकंपाला मात्र ‘प्रलय’ म्हणू नये. कारण निव्वळ व्युत्पत्तीचं नाही, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.

‘प्रलय’ हा ‘ली’ धातूपासून आलेला शब्द. ली म्हणजे चिकटणं, मिसळून जाणं. लीन, लय, विलय, तल्लीन हे सगळे त्याच धातूचे. राहण्याची जागा या अर्थाचा ‘आलय’ही त्याचाच, आणि म्हणून हिमालयसुद्धा. तेव्हा प्रलय म्हणजे पुरतं विरून जाणं. ज्यातून निघालं त्यातच विरणं. पुराणांतलं वर्णन याच क्रमानं जातं: पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात. स्थूल ते सूक्ष्मात मुरत जातं. यात फुटणं, कोसळणं, गाडलं जाणं हा गाभा नाही.

आणि त्याचं कालमान पाहा. एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचं. अशी हजार चतुर्युगं झाली की ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे ४३२ कोटी वर्षं. तो दिवस मावळला की नैमित्तिक प्रलय. त्याच्या मापानं त्याची शंभर वर्षं भरली की प्राकृत प्रलय. समर्थांनी दासबोधाच्या दहाव्या दशकात पाच प्रलय सांगितले आहेत: पिंडाचे दोन, ब्रह्मांडाचे दोन आणि पाचवा विवेकाचा. पिंडाच्या दोहोंपैकी एक मरण आणि दुसरा चक्क निद्रा! रोज रात्री आपण एक छोटा प्रलय भोगून उठतो, असा हा हिशोब. इतक्या सूक्ष्म विचारातून घडलेला शब्द आपण मथळ्यात भडक रंगासारखा वापरतो, याचं मला वाईट वाटतं.

‘कल्पांत’ हा त्यातल्या त्यात काटेकोर शब्द. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा तोच दिवस. त्याचा अंत तो कल्पांत. ‘हे कल्पांतीही घडणार नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा ती वेळ किती दूर आहे याची जाणीव त्या बोलण्यात शाबूत असते.

‘जगबुडी’ मात्र अस्सल मराठी घडणीचा शब्द. घरफोडी, वाटमारी यांच्यासारखीच नाम, धातू आणि ‘ई’ अशी रचना. फरक इतकाच की घरफोडीत घर कुणीतरी फोडतं, जगबुडीत जग आपलं आपण बुडतं; बुडवणारा शब्दात कुठे दिसत नाही. या शब्दात पाणी हवंच, म्हणून ‘भूकंपानं जगबुडी’ हे जुळत नाही. मनू आणि माशाची जुनी कथा शतपथ ब्राह्मणात आहे. तिथे सगळी प्रजा वाहून नेणाऱ्या त्या पुरासाठी ‘औघ’ असा शब्द येतो. आपला ‘ओघ’ त्याच्याच नात्यातला. पाणी ओसरल्यावर मनू उरतो, म्हणजे त्या गोष्टीतही सगळं विरून गेलेलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात खेडजवळून वाहणाऱ्या नदीचं नावच जगबुडी आहे. ‘जगबुडीनं धोक्याची पातळी ओलांडली’ ही बातमी पावसाळ्यात येते, आणि खेडच्या माणसाला त्यातून जगाच्या अंताऐवजी बाजारपेठेत शिरू पाहणारं पाणी कळतं.

आता मुख्य कारण. ज्यांच्यावर संकट आलं ती माणसं त्याला काय म्हणतात ते ऐकावं. पुण्यात १२ जुलै १९६१ ला जे झालं त्याला पुणेकर ‘पानशेतचा पूर’ म्हणतात. ‘कोयनेचा भूकंप’, ‘किल्लारीचा भूकंप’ हीच नावं टिकली. गावाचं नाव आणि साधा शब्द. त्यात सगळं मावतं, आणि पुढचा प्रश्न विचारायला वाट राहते. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपलेली असताना, ६.२ च्या आसपासचा धक्का बसला आणि दहा हजारांच्या घरात माणसं गेली. जगात याहून कितीतरी मोठे धक्के याहून कमी जीव घेऊन गेले आहेत. किल्लारीत माणसं मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्यानं. ‘भूकंप’ म्हटलं की भिंतींबद्दल विचारता येतं. ‘प्रलय’ म्हटलं की विचारणं संपतं. प्रलयात भिंत कशी बांधली होती हे कोण विचारणार?

भाकितांची भाषाही हेच करते. १९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू एकत्र आले. ‘अष्टग्रही’ हे खरं तर साधं विशेषण, पण त्या दिवसांत ते धास्तीचं नाव होऊन बसलं. जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ झाले. काही झालं नाही. कोयनेचा भूकंप त्यानंतर जवळपास सहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, कुणी तारीख न सांगता. २१ डिसेंबर २०१२ ला माया लोकांच्या कालगणनेचा हवाला देऊन हीच धास्ती पुन्हा फिरली. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची रीत आजही कुणाकडे नाही. म्हणून ‘अमुक रात्री महाप्रलय’ असा निरोप मोबाइलवर आला, तर त्यातला शब्द आणि त्यातली वेळ, दोन्ही खोटी समजावीत.

त्सुनामीकडे वळतो. ‘उधाण’ चालणार नाही. उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, चंद्रसूर्याच्या ओढीनं येणारं. कोळी त्याचा दिवस आधीपासून मोजून ठेवतो. त्सुनामी समुद्राचा तळ एकाएकी हलल्यानं उठते, तिला तिथी नाही. आपला किनाराही तिला अगदीच अनोळखी नाही: २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या.

मूळ जपानी शब्दात ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. तमिळ भाषकांनी ‘आळिप्पेरलै’, म्हणजे समुद्राची महालाट, असा आपला शब्द चालवला आहे आणि तो देखणा आहे. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावरचा ‘स्मोंग’. १९०७ मध्ये तिथे त्सुनामीनं मोठी हानी केली. तेव्हापासून आजी-आजोबांनी गाण्यागोष्टींतून हा शब्द पोरांना दिला, आणि त्यासोबत त्याचा अर्थही: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, की डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचं केंद्र या बेटाच्या अगदी जवळ होतं. काही मिनिटांत लाटा आल्या. सुमारे ७८ हजारांच्या वस्तीत सात माणसं गेली. तिकडे तमिळनाडूत एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात हजारो बळी गेले. लाटा तिथे पोचायला दोन तासांच्या आसपास लागले होते, पण आधी असं काही ऐकलेलंच नव्हतं. मराठीत नवा शब्द घडवायचाच असेल तर तो असा घडवावा, की त्यासोबत काय करायचं तेही पोरांपर्यंत पोचेल. नुसतं ‘महालाट’ म्हणून ते होणार नाही. तोवर ‘त्सुनामी’ पुरेसा आहे.

तो लिहिताना ‘सुनामी’ करू नये. इंग्रजांच्या जिभेला सुरुवातीचा ‘त्स’ जड जातो, आपल्या नाही. चुना, चूल, चुलता यांतला आपला दंततालव्य ‘चु’ आणि जपानी ‘त्सु’ जवळजवळ एकच आहेत. ‘चुना’ म्हणतो तसा ‘चु’ म्हणून पुढे ‘नामी’ जोडा, की उच्चार होतो. लेखनात मात्र ‘च’चे दोन उच्चार वेगळे दाखवायची आपली पद्धत नसल्यानं ‘त्सुनामी’ हेच बरं. लिंग स्त्रीलिंगी, लाटेप्रमाणे: त्सुनामी आली, त्सुनामीची सूचना, त्सुनामीत सापडलेली गावं.